ग्रंथालय : मालक की भाडेकरू?

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दाराशी लावलेला सूचनाफलक हा कोणी मुद्दाम थांबून वाचावा असा मजकूर सहसा नसतो. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा राहील, मुदत उलटलेल्या पुस्तकांवरील दंडाची सवलत कोणत्या तारखेस संपेल, प्रबंधाचा मजकूर वाङ्मयचौर्याच्या तपासणीसाठी केव्हा आणून द्यावा, असल्या चार-सहा ओळींच्या सूचना येतात आणि जातात. आता हा फलक बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर गेला आहे, एवढाच फरक. तथापि या सूचनांची भाषा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती पालटली आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. पूर्वी ‘या महिन्यात दाखल झालेले ग्रंथ’ अशी यादी फलकावर लागत असे. आजच्या सूचनेत ‘दाखल’ हा शब्द क्वचितच आढळतो. त्याच्या जागी ‘प्रवेश उपलब्ध’, ‘प्रायोगिक मुदत’, ‘नूतनीकरण प्रलंबित’, ‘सेवा तूर्त खंडित’ ही शब्दावली आली आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटावी. खरेदीखतात असे शब्द येत नाहीत. ते भाडेपट्ट्यात येतात.

ग्रंथालयात आलेले पुस्तक पूर्वी दाखलनोंदवहीत चढे. त्याला क्रमांक मिळे, शिक्का बसे आणि त्या क्षणापासून ते विद्यापीठाची मालमत्ता होई. पुढील वर्षी अनुदान आटले तरी आधीच्या वर्षीचे पुस्तक कपाटातून उठून जात नसे. संशोधनपत्रिकांचेही तसेच होते. वर्गणी बंद पडली की नवे अंक थांबत, पण जुन्या अंकांचे बांधीव खंड जागच्या जागी राहत. इलेक्ट्रॉनिक पत्रिकांच्या बाबतीत विद्यापीठ अंक विकत घेत नाही. ते अंक ठराविक काळ वाचण्याची परवानगी घेते. दहा वर्षे नियमाने पैसे भरले आणि अकराव्या वर्षी भरता आले नाहीत, तर ज्या वर्षांचे पैसे दिले त्या वर्षांचे अंक तरी हाती राहतील काय, हे सर्वस्वी करारातील एका कलमावर अवलंबून असते. काही करारांत ते कलम असते, काहींत नसते. देवघेवीच्या खिडकीशी बसणाऱ्या कारकुनाला किंवा रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ते कलम कधी दिसत नाही. त्याचा परिणाम मात्र पुढे त्यांनाच भोगावा लागतो.

या प्रश्नाकडे आता नव्याने पाहणे अगत्याचे झाले आहे, कारण देशातील ग्रंथालयांच्या इतिहासातील सर्वांत मोठा असा हा भाडेपट्टा सध्या चालू आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे एक राष्ट्र, एक वर्गणी, या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी तिच्यावर ६,००० कोटी रुपये खर्च ठरला. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे १३,००० संशोधनपत्रिका ६,३०० हून अधिक संस्थांतील जवळजवळ १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांस उपलब्ध व्हाव्यात, असे तिचे स्वरूप आहे. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था तिच्या कक्षेत येतात. अंमलबजावणीचे काम गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे.

या योजनेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. आजवर संशोधनपत्रिकांच्या बाबतीत देशात उघड जातिव्यवस्था होती. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत किंवा मुंबईच्या तंत्रविज्ञान संस्थेत जे सहज वाचावयास मिळे, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठात मिळत नसे. तेथील संशोधक परगावच्या मित्राला पत्र लिही, लेखकाकडे प्रत मागे, नाही तर सारांश वाचून समाधान मानी. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील संशोधकास आणि १८५७ पासून चालत आलेल्या मुंबई विद्यापीठातील संशोधकास योजनेच्या रचनेनुसार आता एकच दार आहे. खर्चाचा हिशेबही भयंकर नाही. वर्षाला २,००० कोटी म्हणजे संस्थेमागे सरासरी सुमारे बत्तीस लाख आणि माणशी सुमारे अकराशे रुपये. पाठ्यपुस्तकांच्या आजच्या किमती पाहता हा आकडा डोळ्यांवर येऊ नये. प्रश्न आकड्याचा नाहीच. हे पैसे भरून २०२७ च्या अखेरीस देशाच्या हाती काय उरणार आहे, हा प्रश्न आहे.

मागणी न वाकणारा बाजार

त्याचे उत्तर शोधावयाचे तर हा बाजार कसा बनला हे ध्यानात घ्यावे लागेल, कारण इतका विचित्र बाजार पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. येथे माल तयार करणारा त्याची किंमत घेत नाही. संशोधक पगारी असतो, बहुधा सार्वजनिक पैशावर. तो लेख लिहितो आणि विनामूल्य देतो. त्या लेखाची तपासणी करणारे परीक्षकही सामान्यतः विनामूल्य काम करतात. तयार झालेला माल मग त्याच विद्यापीठांना विकला जातो. विकत घेणारे ग्रंथालय आणि वापरणारा वाचक हे दोघे वेगळे, म्हणून किंमत वाढली तरी वाचकाला तिची झळ लागत नाही आणि त्याची मागणी घटत नाही. शिवाय एका पत्रिकेला दुसरी पत्रिका पर्याय ठरत नाही. चहा महाग झाला तर माणूस कॉफी पिईल. पण एखादा सिद्धांत ज्या पत्रिकेत मांडला गेला ती महाग आहे म्हणून संशोधक शेजारच्या स्वस्त पत्रिकेतील दुसराच लेख वाचून भागवू शकत नाही. प्रत्येक पत्रिका ही आपापल्या जागी एक छोटी मक्तेदारीच असते.

ही गोष्ट ज्यांनी फार लवकर हेरली त्यांत रॉबर्ट मॅक्सवेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांनी १९५१ मध्ये पर्गमॉन प्रेस हाती घेतली आणि महायुद्धोत्तर काळात विज्ञानावर ओतल्या जाणाऱ्या सरकारी पैशाच्या मागोमाग नवनव्या पत्रिका काढण्याचा सपाटा लावला. १९९१ मध्ये ही संस्था एल्सेव्हिअर कंपनीला विकली गेली. मधल्या काळात, १९६४ मध्ये, युजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. कोणत्या लेखाचा उल्लेख कोठे झाला याची ती सूची होती. तिच्या आधारे मूठभर पत्रिका ‘गाभ्याच्या’ ठरल्या. कोणत्या पत्रिका घ्याव्यात हे ठरविण्यास ग्रंथपालांना त्यामुळे मोठीच मदत झाली. पण जी पत्रिका घेतल्यावाचून ग्रंथालयाला गत्यंतर नाही, तिची किंमत ठरविण्यास प्रकाशकही मोकळा झाला. आपल्याकडे २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान मंडळाने अध्यापकांच्या नियुक्ती व पदोन्नतीशी प्रकाशित लेखांचे गुण जोडले. तेव्हापासून वाचण्यासाठी पत्रिका हवीच होती, ती आता छापून येण्यासाठीही हवीशी झाली. या गुणांच्या शर्यतीने किती सुमार नियतकालिकांचे संसार चालविले, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. एल्सेव्हिअरची मालक असलेल्या रेलेक्स कंपनीच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा कार्यकारी नफा अलीकडच्या वर्षांत उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक राहिला आहे. आणि हे ओझे केवळ गरीब देशांनाच जड जाते असेही नाही. जगातील सर्वांत धनाढ्य विद्यापीठ म्हणून ज्याची गणना होते त्या हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या सल्लागार मंडळाने एप्रिल २०१२ मध्ये जाहीर केले की, पत्रिकांवरील वार्षिक खर्च ३७.५ लाख डॉलरांच्या घरात गेला आहे, दोन प्रकाशकांच्या किमती सहा वर्षांत सुमारे १४५ टक्क्यांनी वाढल्या आहेत आणि हे यापुढे परवडणारे नाही. एकेका पत्रिकेची वार्षिक वर्गणी ४०,००० डॉलरपर्यंत गेल्याचे त्याच निवेदनात नमूद होते. हार्वर्डला जे परवडत नाही ते शिवाजी किंवा मराठवाडा विद्यापीठाला कसे परवडावे?

अशा बाजारात दारातून जाता आले नाही की लोक खिडकीतून शिरतात. २०११ मध्ये अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानातील तरुणीने ‘साय-हब’ सुरू केले आणि कोट्यवधी लेख फुकट खुले केले. परवानगीचा प्रश्नच नव्हता. भारतातील संशोधकांनी त्याचा किती वापर केला हे प्रत्येक विभागातील विद्यार्थी जाणतो. डिसेंबर २०२० मध्ये तीन मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात रोखण्याचा आदेश दिला. या प्रकरणाची दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्याशी गल्लत करू नये. तेथे २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी अभ्यासक्रमातील पुस्तकांच्या प्रकरणांच्या छायाप्रती काढून देणाऱ्या एका दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये आणि नंतर डिसेंबरमध्ये द्विसदस्य खंडपीठापुढेही न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या अशा प्रती प्रतिलिपी अधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात बसतात, हे तत्त्व उचलून धरले. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे होते म्हणूनच त्या कलमाचा आधार इतक्या सरळपणे घेता आला. भाड्याने घेतलेल्या मजकुराच्या बाबतीत आधी करारातील अटी पुढे येतात, कायद्यातील सवलत मागाहून.

कपाटात जे असेल तेच बळ

एकाच खरेदीदाराने साऱ्या देशासाठी सौदा करावा, ही या योजनेमागील कल्पना अर्थशास्त्राच्या दृष्टीने पक्की आहे. विकणाऱ्याची मक्तेदारी असेल तर घेणाऱ्यांनीही एक व्हावे. परंतु पाठ्यपुस्तक येथे आणखी एक गोष्ट सांगते, ती सहसा विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करून विसरतात. दोन्ही बाजूंस मक्तेदारी असली की किंमत मागणी-पुरवठ्याने ठरत नाही. ती घासाघिशीच्या ताकदीवर ठरते. आणि घासाघिशीत ताकद त्याची, जो सौदा मोडून उठू शकतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हिअरशी बोलणी मोडली. दोन वर्षे ते विद्यापीठ त्या प्रकाशकाच्या नव्या अंकांवाचून राहिले आणि मार्च २०२१ मध्ये आपल्या संशोधकांचे लेख सर्वांना खुले राहतील अशा अटीवर नवा करार केला. जर्मनीतील विद्यापीठांनी एकजुटीने बोलणी चालविली, ती २०१८ मध्ये फिसकटली आणि तडजोड व्हावयास २०२३ उजाडले. इतका काळ हे लोक तग कसे धरू शकले? जुन्या अंकांचे कायमचे हक्क पुष्कळ ठिकाणी त्यांच्यापाशी होते, लेखांच्या मुक्त प्रती संशोधकांच्या संग्रहांत होत्या आणि ग्रंथालये एकमेकांना मजकूर पुरवीत होती. थोडक्यात म्हणजे, घरात काही दिवसांचे धान्य होते. ज्याच्या घरात काहीच नाही, त्याने दुकानदाराशी भांडावे तरी कोणत्या जोरावर? २०२७ च्या डिसेंबरात भारतापाशी काय असेल, याचा विचार म्हणूनच आज व्हावयास हवा. तीन वर्षांत १.८ कोटी लोकांना एका सेवेची सवय लागलेली असेल आणि ती बंद पडणार अशी नुसती हूल उठली तरी ओरड होईल. त्या ओरडीची किंमत वाटाघाटीस बसलेल्या प्रकाशकाने आधीच हिशेबात धरलेली असणार.

मालकी म्हणजे काय, याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. १८६४ मध्ये मुंबईत कापसाच्या तेजीचा धूर निघत होता. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरला मुंबईचा कापूस हवा होता आणि प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे अनभिषिक्त राजे होते. त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले, त्यास आईचे नाव द्यावे या इच्छेने. १८६५ मध्ये यादवी संपली, शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या, स्वतः प्रेमचंदही धुळीस मिळाले. परंतु दिलेला पैसा दगडात गेला होता. १८७८ मध्ये राजाबाई मनोऱ्यासह इमारत पुरी झाली आणि ती आजही उभी आहे. जमाखर्चाच्या भाषेत हा भांडवली खर्च. त्याउलट वार्षिक वर्गणी हा महसुली खर्च. वर्ष सरले की तो जिरला.

पुण्यातील गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयासारख्या ठिकाणी जुने जमाबंदी अहवाल, जनगणनेचे खंड, गावपाहण्यांची पुस्तके पाहणारा संशोधक आजही येतो. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. ते गाव आता पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत शोधावे लागते, शेते तर नाहीतच. त्या काळची जमीनधारणा आणि कर्ज यांची नोंद पुस्तकात आहे आणि पुस्तक कपाटात. शंभर वर्षांत ते किती जणांनी मागितले असेल? फार तर थोड्यांनी. वापराच्या आकडेवारीवर वर्गणीचा निर्णय घेणाऱ्या पद्धतीत असल्या पुस्तकाचे नूतनीकरण पहिल्याच वर्षी नाकारले गेले असते.

प्रती अनेक ठिकाणी असाव्यात, हे जुन्या ग्रंथालयांचे शहाणपण संगणकाच्या युगातही खोटे ठरलेले नाही. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये संगणकीय हल्ला झाला. इमारत शाबूत, ग्रंथ शाबूत. पण सूचीच नाहीशी झाल्याने काय कोठे आहे हे कळेना. मुख्य सूची पुन्हा खुली व्हावयास जानेवारी २०२४ उजाडला आणि इतर कित्येक सेवा त्यानंतरही दीर्घकाळ बंदच होत्या. ‘सेवा तूर्त खंडित’ या तीन शब्दांत किती काळ मावू शकतो, हे त्या ग्रंथालयाच्या वाचकांना विचारावे. ही अडचण ओळखूनच अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रंथालयांनी इलेक्ट्रॉनिक पत्रिकांच्या प्रती आपापल्या यंत्रांवर सांभाळाव्यात, अशी व्यवस्था या शतकाच्या आरंभीच निघाली.

आपल्याकडे असे काही होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ‘शोधगंगा’ पाहावी. विद्यापीठ अनुदान मंडळाने २००९ मध्ये प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती सादर करण्याविषयी नियम केला. इन्फ्लिबनेटने भांडार उभारले आणि आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध कोणालाही, एक पैसा न देता, वाचता येतात. त्यांतील सर्वच प्रबंध वाचनीय आहेत असे कोणी म्हणणार नाही. काही तर शोधलेच गेले नसते तर बरे झाले असते. पण ते भांडार देशाचे आहे. कोणा कंपनीचे पत्र आले म्हणून ते उद्या बंद होणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी, आपल्या पैशावर झालेल्या संशोधनाच्या अंतिम हस्तलिखितांच्या प्रती अशाच भांडारात ठेवाव्यात, असे धोरणही आखले. धोरण चांगले होते. ते पाळले गेले की नाही हे विचारण्याची मात्र कोणाला गरज वाटली नाही. प्रबंधाची प्रत दिल्यावाचून पदवी मिळत नाही म्हणून शोधगंगा भरली. लेखाची प्रत न दिल्याने कोणाचे अनुदान अडले नाही, म्हणून ती दुसरी भांडारे भरली नाहीत. प्रोत्साहन आणि दंड यांचा इतका स्वच्छ दाखला वर्गात द्यावयास दुसरा मिळणार नाही.

मराठीतून शिकणाऱ्याचे काय?

आणखी एका बाजूने या योजनेचा विचार महाराष्ट्रात तरी व्हावयास हवा. १३,००० पत्रिकांचे हे दालन इंग्रजीचे आहे. जो विद्यार्थी जिल्ह्याच्या गावी मराठी माध्यमातून अर्थशास्त्र किंवा इतिहास शिकतो, त्याच्यापुढे हे दालन उघडे असूनही मिटलेले राहते. त्याला उपयोगी पडावी अशी सामग्री मराठीत नाही काय? ती आहे, आणि थोडीथोडकी नाही. १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’पासून १९४७ मध्ये सुरू झालेल्या वाईच्या ‘नवभारत’पर्यंत, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेचा ‘अर्थसंवाद’ यांपर्यंत, विचाराची मोठी परंपरा नियतकालिकांच्या पानांत पडून आहे. पुष्कळ ठिकाणी हे खंड पिवळे पडले आहेत, कागद बोट लावताच तुटतो. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९५० पर्यंतचा पुढचा भाग १९६१ मध्ये निघाला. संगणक नाही, अनुदानाची शाश्वती नाही, अशा दिवसांत हे काम झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सत्कार पुष्कळ झाले. मराठी नियतकालिकांचे सर्व जुने अंक एका ठिकाणी, शोधता येतील अशा रीतीने, कोणत्याही विद्यार्थ्यास उपलब्ध झाले, ही बातमी अद्याप यावयाची आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी दुर्मिळ ग्रंथांच्या बाबतीत हे काम केले आहे, पण एकेकट्या संस्थेच्या बळावर ते पुरे होणारे नाही.

ब्राझीलने १९९८ मध्ये ‘सायलो’ हा उपक्रम सुरू केला तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच होता. आपल्या पत्रिका जगाच्या सूचीत नाहीत, आपली भाषा इंग्रजी नाही. त्यांनी सार्वजनिक पैशातून स्वतःच्या पोर्तुगीज आणि स्पॅनिश पत्रिका मुक्तपणे प्रसिद्ध करण्याची यंत्रणा उभी केली आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देश तीत सामील झाले. वाचकाला वर्गणी नाही. येथे वर्षाला जे २,००० कोटी जातात त्यांचा शंभरावा हिस्सा म्हणजे २० कोटी होतो. तेवढी रक्कम दरवर्षी भारतीय भाषांतील नियतकालिकांसाठी बाजूस काढली, तर दहा वर्षांत किती काम होईल याचा अंदाज कोणत्याही जाणत्या ग्रंथपालास करता येईल. आणि झालेले काम कोणा प्रकाशकाशी नूतनीकरणाची बोलणी न करता जागेवर राहील.

शिवाय महाराष्ट्रातील महाविद्यालये बहुसंख्येने शिक्षणसंस्थांची, म्हणजे खाजगी व्यवस्थापनाची आहेत. सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेल्या योजनेत त्यांचे स्थान काय, हा प्रश्न बाजूस सारता येणार नाही. अशा महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ ही अल्प वर्गणीची सोय निघाली होती, आणि तिचे मोल कमी नाही. पण तेरा हजारांच्या दालनाशी तिची तुलना होऊ शकत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापक जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला तर त्याला तेथील यंत्रावर बसून लेख वाचता यावा, एवढी साधी तरतूद करारात असावयास हवी. छापील खंडांच्या काळात तो आत गेला की खंड उघडू शकत होता. त्यासाठी कोणाचा पासवर्ड लागत नव्हता.

डॉ. रंगनाथन हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. त्यापूर्वी ते गणिताचे अध्यापक होते. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवावा असे एक सूत्र आहे. ते पाळावयाचे तर तेरा हजार पत्रिकांतून नेमका लेख काढून देणारा प्रशिक्षित माणूस लागतो. राज्यातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि एखाद्या अध्यापकावर ‘प्रभारी’ म्हणून ते काम टाकले जाते. मग दालन खुले होते, पण दाखविणारा नसतो. दुसरीकडे वाचनकक्षात सकाळी सातपासून स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी जागा धरून बसलेले असतात, कारण शहरातील खाजगी अभ्यासिकांचे मासिक शुल्क त्यांना जड जाते. त्यांना ग्रंथालयाकडून पत्रिका नकोत. टेबल, दिवा, पंखा आणि पिण्याचे पाणी हवे. काही प्राध्यापकांना ही गर्दी खुपते. वस्तुतः ग्रंथालयाच्या ज्या सेवेला आज खरोखर रांग लागते ती हीच आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही परदेशी कंपनीशी करार करावा लागत नाही.

चालू करार तीन वर्षांचा आहे. पुढच्या बोलण्यांना २०२७ उजाडण्यापूर्वीच प्रारंभ करावा लागेल. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक कायमचे देशाच्या भांडारात राहतील, हे कलम त्यांत पहिले असावे. कोणत्या संस्थेत कोणत्या पत्रिका किती वाचल्या गेल्या याचे आकडे संस्थावार जाहीर व्हावेत, म्हणजे न वाचलेल्या पत्रिकांचे पैसे कोठे जातात ते तरी कळेल. सार्वजनिक पैशावर झालेल्या संशोधनाच्या लेखाची प्रत भांडारात आल्यावाचून पुढील अनुदान सुटू नये. आणि प्रकाशकागणिक किती रक्कम दिली, हा आकडा संसदेपुढे ठेवावा. किमती गुप्त ठेवण्याची अट प्रकाशक नेहमीच घालतात, कारण शेजाऱ्याने काय दिले हे कळले की गिऱ्हाईक शहाणे होते. या गिऱ्हाइकाला शेजाऱ्याची वाट पाहण्याचेही कारण नाही; ६,३०० संस्थांची मागणी त्याच्या एकट्याच्या हाती आहे.